काचेच्या टाकीतला घोयरा आणि आमचे नऊ दिवस

प्रति,
माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत एका तरुणाचे छायाचित्र आले आहे. त्याच्या मांडीवर माशांची काचेची टाकी आहे, टाकीत एक वाळकी फांदी आणि पाण्याची वाटी आहे, आणि त्या फांदीला शेपटीचा विळखा घालून एक घोयरा सरडा बसलेला आहे. शेतात सापडलेला हा सरडा त्याने माहीतगार मित्रांना विचारून विचारून जगवला, याचे सोबतच्या मजकुरात कौतुक केलेले आहे. छायाचित्र देणाऱ्याचा आणि छापणाऱ्याचा, दोघांचाही हेतू चांगलाच असणार, याविषयी मला शंका नाही. परंतु तीन वर्षांपूर्वी कार्तिक महिन्यात असाच एक घोयरा आमच्या घरी नऊ दिवस होता, त्यालाही आम्ही माहीतगारांना विचारूनच सांभाळले होते, आणि त्या नऊ दिवसांत माझ्या हातून, म्हणजे एकतीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाच्या हातून, ज्या चुका झाल्या त्या सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. पत्र लांबले तर क्षमा असावी.

प्रथम हा प्राणी कोणता, ते स्पष्ट केलेले बरे, कारण आपल्याकडे सरसकट सगळ्यांनाच सरडा म्हणतात. कुंपणावर बसून मान खालीवर करणारा आणि विणीच्या दिवसांत गळ्यापाशी तांबडा होणारा तो साधा सरडा. घोयरा, ज्याला काही जण गुहिरा म्हणतात, तो वेगळा. पानासारखा दोन्ही बाजूंनी चपटा, डोक्यावर टोपीसारखा उंचवटा, डोळे शंकूसारखे बाहेर आलेले आणि एकमेकांशी संबंध नसल्यासारखे दोन दिशांना फिरणारे, पायांची बोटे चिमट्यासारखी दोन गटांत विभागलेली. जगात या कुळाच्या दोनशेहून अधिक जाती आहेत, त्यातल्या जवळजवळ निम्म्या एकट्या मादागास्कर बेटावर आहेत, आणि भारतात मात्र ही एकच. कॅमेलिओ झेलॅनिकस हे तिचे शास्त्रीय नाव. हा प्राणी विषारी नाही. तो चिडला की अंग फुगवतो, तोंड वासतो, फुसफुसतो, आणि एवढ्याच भांडवलावर त्याने आपल्या खेड्यापाड्यांत विषारी असल्याची कीर्ती मिळवलेली असून तिच्यापायी तो दगडांनी ठेचला जातो.

आमच्याकडेही तेच होणार होते. अंबाजोगाईपासून थोड्या अंतरावर बालाघाटाच्या उतारावर आमची शेती आहे. सोयाबीन निघाले होते, आणि शेजारच्या शेतकऱ्याने पाइपलाइनसाठी बांध उकरायला जेसीबी लावला होता. बोरी, बाभळी, रानसीताफळीची जाळी असलेला तो बांध माझ्या वडिलांच्या आठवणीतला होता, पण तो शेजाऱ्यांचा बांध, त्यावर मी बोलणे बरे नव्हे. माझा नातू, मुलीचा मुलगा, लातूरला अकरावीला होता आणि दिवाळीच्या सुट्टीत आला होता. दुपारी तो डोक्याचा रुमाल दोन्ही हातांनी धरून ओसरीवर आला आणि म्हणाला, “आबा, ह्याला मारायले होते ते. मी उचलून आणलं.” रुमालात जळक्या लाकडाच्या रंगाचा, डोळे मिटलेला घोयरा होता. आमच्या सौभाग्यवतींनी दारातूनच विचारले, “विषारी असतंय म्हणं ते. कशाला आणलास रे लेकरा?” त्यांना विषाचे समजावून सांगितले, तेव्हा त्यांनी दुसरा प्रश्न विचारला की आता हे ठेवणार कशात. त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

उत्तर नातवाच्या फोनवर आले. वसतिगृहातल्या त्याच्या एका मित्राला मासे पाळण्याचा नाद होता. त्याने काचेची टाकी, पाण्याची वाटी आणि वरून विजेचा दिवा असा सल्ला दिला. आम्ही तसे केलेही. मुलीने कधीकाळी आणलेली टाकी माळ्यावर होती. ती पुसून तिच्यात फांदी घातली, वाटी ठेवली. म्हणजे आपण छापलेल्या छायाचित्रात जे दिसते तेच आमच्या ओसरीवरही होते, हे मी मुद्दाम नमूद करतो. रात्रभर तो प्राणी काचेवर पंजे घासत राहिला. सकाळी त्याचे डोळे आत गेले होते, आणि वाटीतल्या पाण्याला त्याने तोंडही लावलेले नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून सल्लागार वाढले. छत्रपती संभाजीनगरला इग्वाना हा परदेशी सरडा पाळणारा एक मुलगा, परभणीचे एक सर्पमित्र, आणि पुण्यात नोकरी करणारे एक गृहस्थ, ज्यांच्याकडे अनेक वर्षे येमेनकडच्या जातीचे, पिंजऱ्यातच जन्मलेले शॅमेलिऑन, म्हणजे घोयऱ्याच्याच कुळातले परदेशी सरडे, होते आणि त्यांची सरकारदरबारी रीतसर नोंद होती. यांपैकी कोणालाही मी आजतागायत भेटलेलो नाही. तरीही या मंडळींनी रात्री अकरापर्यंत फोन उचलले, छायाचित्रे मागवून घेतली आणि परक्या घरातल्या परक्या सरड्यासाठी जीव टाकला, याबद्दल मी त्यांचा कायम ऋणी राहीन. त्यांच्याकडून जे शिकलो त्यातले काही येथे देतो. घोयरा घरी ठेवावा म्हणून हे देत नाही. ज्याच्या घरी तो आजच्या रात्रीपुरता अडकला आहे त्याच्या हातून तो मरू नये, एवढ्यासाठीच देतो.

पुण्याच्या गृहस्थांनी पहिल्या दहा मिनिटांत काचेची टाकी बाद केली. काचेत हवा खेळत नाही, उष्णता साठते, आणि काचेत दिसणारे स्वतःचे प्रतिबिंब हा प्राणी दुसरा घोयरा समजतो. हा एकटा राहणारा जीव आहे. दुसऱ्याचे नुसते दर्शन झाले तरी तो रंग गडद करून, अंग फुगवून लढायला उभा राहतो, आणि काचेतला शत्रू तर कधी हटतच नाही. त्यांनी चहूबाजूंनी जाळी असलेली उंच जागा मागितली. घरात तशी एकच वस्तू होती, दूध-दुभत्याचे जुने जाळीचे कपाट. सौभाग्यवतींनी ते आढेवेढे न घेता रिकामे करून दिले, याचे मला आजही आश्चर्य वाटते. त्यातल्या मधल्या फळ्या काढल्या, जास्वंदीची कुंडी आणि मनीप्लँटच्या वेली आत ठेवल्या, बोरूएवढ्या जाडीच्या फांद्या आडव्या बांधल्या, आणि कपाट ओसरीवर अशा उंचीवर ठेवले की फांदीवरचा सरडा माणसाच्या डोळ्यांच्या वर राहील. वरून वाकून पाहणारी प्रत्येक आकृती त्याला शिकाऱ्यासारखी वाटते, हे त्यामागचे कारण. कपाटाचे चार पाय पूर्वीप्रमाणेच पाण्याच्या वाट्यांत ठेवले होते, कारण रात्री निपचित बसलेल्या सरड्याला मुंग्या लागल्या तर तो पळत नाही. दह्यासाठी केलेली ही युक्ती सरड्यालाही लागू पडली.

पाण्याची गोष्ट मला सर्वांत नवी होती. घोयऱ्याला साचलेले पाणी पाणी म्हणून कळतच नाही, म्हटले तरी चालेल. पानावर हलणारा, चमकणारा थेंब दिसला तरच तो जीभ लावतो, कारण झाडावर त्याला दवाचे आणि पावसाचे पाणी तसेच मिळते. वाटी भरलेली असून तो तहानेने मरू शकतो. परभणीच्या सर्पमित्रांनी सलाईनची नळी वापरायला सांगितली. ओळखीच्या दवाखान्यातून नवी कोरी नळी आणली, उंचावर पाण्याची बाटली टांगली, आणि चाक फिरवून दोन-तीन सेकंदांना एक थेंब जास्वंदीच्या वरच्या पानावर पडेल असे केले. पिचकारीने फवाराही द्यायचा होता. नातू गोठ्यातली पिचकारी घेऊन आला तेव्हा माझ्या काळजाचा ठोका चुकला, कारण तिच्यातून कपाशीवरचे औषध मारलेले होते. न्हाव्याच्या दुकानातून नवी मागवली. चार-पाच मिनिटे थेंब पडत राहिले. मग पानामागून एक डोळा वळला, दुसरा अजून भिंतीकडेच होता. मग तोही वळला. सरड्याने मान पुढे केली, थेंब पानाच्या टोकाशी लोंबला, आणि तो ओठांनी टिपून त्याने गळा हलवला. त्यानंतर वीस मिनिटे तो पीत होता. ओसरीवर पाच माणसे होती. त्या वीस मिनिटांत कोणी काही बोलले नाही.

त्याच्या विष्ठेतही खबर असते, हे तेव्हाच कळले. सरडे लघवीऐवजी पांढरा खडूसारखा भाग टाकतात. तो पांढरा असला तर शरीरात पाणी पुरेसे आहे, पिवळा किंवा नारिंगी असला तर तहान जुनी आहे. आमच्या घोयऱ्याचा दुसऱ्या दिवशी गर्द नारिंगी होता आणि चौथ्या दिवशी पांढरा झाला. आत गेलेले डोळे, दिवसा मिटलेले डोळे, सतत काळपट राहिलेला रंग, ऊन नसतानाही वासलेले तोंड, ही सगळी आजाराची किंवा भीतीची लक्षणे. रंगाबद्दल तर एक समजूत सोडूनच द्यावी लागेल. आपण राजकारण्यांना नावे ठेवताना सरड्याला उगाच मध्ये ओढतो. घोयरा प्रामुख्याने ऊब घेण्यासाठी, राग-भीती दाखवण्यासाठी आणि दुसऱ्या घोयऱ्याला इशारा देण्यासाठी रंग बदलतो; ज्या रंगावर बसला त्या रंगाचा तो होत नाही. जिनिव्हा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये मादागास्करच्या एका जातीवर काम करून दाखवले की त्वचेतल्या पेशींमध्ये ग्वानिन नावाच्या पदार्थाचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात, आणि त्यांच्यातले अंतर कमी-जास्त झाले की परावर्तित होणारा रंग बदलतो. शाळेत मी वर्षानुवर्षे फक्त रंगद्रव्यच शिकवत आलो होतो.

खाण्याच्या बाबतीत सल्ला सोपा होता, पण आपल्या भागात पाळायला अवघड निघाला. जिवंत किडे हवेत, ते त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठे नकोत, आणि रात्री कपाटात रातकिडे सोडून ठेवायचे नाहीत, कारण ते झोपलेल्या सरड्यालाच कुरतडतात. पण हे किडे आणायचे कोठून? कपाशी, तूर, सोयाबीन, भाजीपाला, सगळ्यांवर फवारणी. विष प्यायलेला नाकतोडा सरड्याच्या पोटात गेला तर उपकाराचा अपकार व्हायचा. नातू फवारणी न झालेल्या गायरानात जाऊन हिरवे नाकतोडे आणायचा. एके दिवशी तो रुईच्या झुडपावरचे पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचे देखणे नाकतोडे बरणी भरून घेऊन आला. येथे मात्र माझे विज्ञान कामाला आले. रुईच्या चिकातले विष हे नाकतोडे अंगात साठवून ठेवतात, त्यांचे भडक रंग ही त्याचीच पाटी असते. ती बरणी परत रुईपाशी रिकामी झाली. काजवेही असेच घातक, असे पुण्याहून बजावण्यात आले.

हाडांचे म्हणाल तर, उन्हातल्या अतिनील किरणांशिवाय घोयऱ्याच्या शरीरात ड जीवनसत्त्व नीट तयार होत नाही, मग कॅल्शियम पचत नाही, हाडे मऊ पडतात, आणि खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात नेमके तेच किरण गाळले जातात. परदेशातले शौकीन त्यासाठी खास दिवे लावतात. आम्हाला सकाळचे कोवळे ऊन फुकट होते. फक्त कपाटाची अर्धी बाजू सावलीत राहील, हे पाहावे लागे.

एवढे सगळे व्यवस्थित चालले असतानाही घोयरा खात नव्हता. नातवाच्या शब्दांत, “पाणी पितंय, पण खाईना गेलंय ओ, आबा.” सोनाराच्या दुकानातल्या काट्यावर दुसऱ्या दिवशी वजन चौसष्ट ग्रॅम भरले होते, चौथ्या दिवशी एकसष्ट. येथे सल्लागारांमध्ये फूट पडली. माशांचा नाद असलेल्या मित्राचे म्हणणे, रानातून धरलेल्या प्राण्याच्या पोटात जंत असणारच, शेळीचे जंताचे औषध दोन थेंब पाजा. संभाजीनगरच्या मुलाचे म्हणणे, तोंड उघडून किडा आत सारा. पुण्याच्या गृहस्थांनी दोन्ही गोष्टींना ठाम नकार दिला. रानातल्या प्राण्याच्या पोटात जंत असतात हे खरे, पण रानात त्यांचे एकमेकांशी जमलेले असते. तहान आणि भीती यांनी प्राणी खचला की ते जमणे मोडते, आणि अशा खचलेल्या प्राण्याला अंदाजाने औषध पाजले तर जंतांबरोबर तोही जातो. आधी पाणी, आधी शांतता, मग विष्ठेची तपासणी, आणि औषध केवळ पशुवैद्याच्या हातून, असा त्यांचा क्रम होता. तोंड उघडण्याच्या प्रयत्नात जबडा आणि जीभ दुखावते, आणि शरीरापेक्षा लांब अशी ती जीभ गेली की घोयऱ्याचे सगळेच गेले.

म्हणून चौथ्या दिवशी आम्ही विष्ठा औषधाच्या रिकाम्या डबीत घेऊन एका पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. तो कोणता हे मी लिहिणार नाही, कारण दोष एकट्या त्या दवाखान्याचा नाही. तेथील डॉक्टरांपुढे लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणाचे काम पडलेले होते. त्यांनी डबीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि नम्रपणे सांगितले, “गुरुजी, हे आमच्याकडं कुणी आणत नाही. तुम्ही ह्याला सोडून द्या.” त्या वेळी मला त्यांचा राग आला. आज वाटते, चार दिवसांत ऐकलेला सर्वांत शहाणा सल्ला तोच होता, फक्त तो मला टाळाटाळ वाटला.

आता ज्या मुद्द्यासाठी हे पत्र लिहितो आहे, त्याकडे येतो. पुण्याच्या गृहस्थांनी पहिल्याच फोनवर पहिलाच प्रश्न विचारला होता की सरडा कोठून आणला. रानातून, असे सांगितल्यावर त्यांनी वन विभागाचा १९२६ हा क्रमांक दिला आणि कळवायला सांगितले. त्यानंतर रोज संध्याकाळी, जाळी-पाणी-किड्यांचे सगळे बोलून झाल्यावर, ते शेवटी विचारत, “१९२६ ला फोन केला का?” आणि रोज आम्ही काहीतरी सबब सांगत होतो. जरा बरा होऊ दे, खायला लागू दे, रविवार आहे. खरी कारणे दोन होती. नातवाचा जीव त्याच्यात गुंतला होता, हे एक. आणि दुसरे, जे माझे होते, ते म्हणजे भीती. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा आहे आणि त्यात शिकारीच्या व्याख्येत नुसते पकडणेही येते, हे मला ठाऊक होते. घोयरा हा त्या कायद्याने संरक्षित प्राणी आहे. अकरावीतल्या मुलाच्या मागे चौकशी लागेल, या भीतीने मी गप्प राहिलो, आणि जितके दिवस गप्प राहिलो तितकी चूक मोठी होत गेली.

गृहस्थांनी एकदा मला जे समजावून सांगितले ते मी त्यांच्या शब्दांत नव्हे, माझ्या शब्दांत मांडतो. जाळी, थेंब, अतिनील दिवा, जंतांची तपासणी, हे सगळे शास्त्र परदेशातल्या पाळणाऱ्यांनी ज्या परिस्थितीत तयार केले ती परिस्थिती आपली नाही. मादागास्करच्या रानात धरलेला शॅमेलिऑन पिशव्या-पेट्यांतून, दलालांच्या गोदामांतून, विमानातून अमेरिकेत किंवा युरोपात एखाद्याच्या घरी पोचतो, तेव्हा तो वाळलेला, जखमी आणि जंतांनी पोखरलेला असतो, आणि त्याला त्याच्या झाडावर परत नेऊन ठेवणे कोणालाही शक्य नसते. म्हणून त्याला जगवण्याचे प्रत्येक कौशल्य तेथे मोलाचे ठरते. तरीही वाटेत इतके प्राणी मरतात की तेथील जाणते लोकच नवख्यांना रानातला घेऊ नका, पिंजऱ्यात जन्मलेला घ्या, असे बजावतात. या कुळाचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरील जागतिक करारानुसार नियंत्रित आहे. आणि आमच्या घोयऱ्याचे काय? त्याचे रान आमच्या कपाटापासून अडीच किलोमीटरवर होते. ज्याला परत नेता येते त्याच्यासाठी आम्ही परत न नेता येणाऱ्याची शुश्रूषा शिकत बसलो होतो.

हे मला पटले होते असे मी म्हणणार नाही. पटायला सातवा दिवस उजाडावा लागला. त्या दिवशी घोयरा फांदी सोडून सारखा कपाटाच्या तळाशी उतरू लागला, कोपऱ्यात पुढच्या पायांनी खरवडू लागला. पुण्याहून मागच्या पायांच्या टाचांचे जवळून काढलेले छायाचित्र मागवण्यात आले. या जातीच्या नराच्या टाचेवर लहानसा उंचवटा असतो, आमच्या सरड्याच्या टाचेवर तो नव्हता. मग पोटाचे छायाचित्र मागवले. उजेडासमोर धरल्यावर, इतके दिवस आम्ही ज्याला भरलेले पोट समजत होतो तेथे, द्राक्षाच्या घडासारखे उंचवटे स्पष्ट दिसत होते. ती मादी होती आणि तिच्या पोटात अंडी होती. या काळात मादी खाणे कमी करते किंवा बंद करते. म्हणजे आम्ही आजारी समजून ज्याच्यावर जंताचे औषध वापरायला निघालो होतो, तो आजारच नव्हता. ती झाडावरून उतरून, ओलसर भुसभुशीत जमिनीत खोल बीळ खोदून अंडी घालते आणि माती पुन्हा बुजवून निघून जाते. मनासारखी जागा मिळाली नाही तर ती अंडी धरून ठेवते, आणि त्यातच दगावते. आमच्या कपाटाच्या तळाला सागवानी फळी होती.

त्या रात्री बादलीभर वाळूमिश्रित ओली माती कपाटात ठेवली. तिने दोनदा उकरून सोडून दिली. ओसरीवर नऊ माणसे पाहायला जमली होती, त्यांना घालवून दिले, कपाटाला चादर गुंडाळली, तरीही नाही. आठव्या दिवशी सकाळी मी स्वतः १९२६ ला फोन केला.

दुपारपर्यंत वनरक्षक आले. त्यांनी माझा जबाब घेतला, नातवाला आणि मला समज दिली, आणि सरडी कोठून आणली ती जागा दाखवायला सांगितली. वरिष्ठांशी बोलून, पशुवैद्यांकडून तिला तपासून घेऊन, दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्यासमक्षच तिला सोडण्यात आले. मूळ बांध तोवर सपाट झाला होता. म्हणून तेथल्याच ओढ्याच्या काठाने पाचएकशे पावले वर, जेथे बाभळी आणि सीताफळी अजून दाट आहेत आणि खाली गाळाची मऊ माती आहे, तेथे. नातवाने हात फांदीला टेकवला. तिने एक पाय उचलला, तो हवेत ठेवून मागेपुढे डुलली, वाऱ्यावरच्या पानासारखी, मग फांदीला चिमटा घातला. शेपटी नातवाच्या करंगळीला शेवटपर्यंत गुंडाळलेली होती. ती त्याने दुसऱ्या हाताने हळू उलगडली. दहा मिनिटांत कपाटातला तो राखाडी-तपकिरी रंग गेला आणि आम्ही नऊ दिवसांत एकदाही न पाहिलेला हिरवा रंग तिच्या अंगावर आला. तिने अंडी घातली की नाही, हे मला माहीत नाही.

त्यावरून मला काही सुचवायचे आहे. वन विभागाने एक गोष्ट गावोगावी स्पष्ट सांगावी. दगडाखालून किंवा जेसीबीखालून वाचवलेला प्राणी ज्याने त्याच दिवशी कळवला, त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहिले जाईल, हे लोकांना कळले पाहिजे. ते कळत नाही म्हणून माझ्यासारखे लोक दार लावून घेतात आणि प्राणी आतल्या आत मरतो. परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथील जाणत्यांनी तालुक्याच्या दवाखान्यांसाठी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या प्रथमोपचारांचे दोन पानांचे टिपण मराठीत करून दिले, तर चौथ्या दिवशीचा माझा हेलपाटा दुसऱ्या कोणाला पडणार नाही. आणि पाळणाऱ्या मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे. आपले ज्ञान खरे आहे, मी ते अनुभवले आहे. परदेशी जातीचा, रीतसर मिळालेला शॅमेलिऑन असेल तर २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर त्याची नोंद करावी आणि खुशाल सांभाळावा. परंतु फोनवर कोणी घोयऱ्याविषयी विचारले, तर जाळीचे माप सांगण्याआधी तो कोठून आला हे विचारावे. आणि रानातून आला असे उत्तर मिळाले, तर पुढचा सल्ला एका रात्रीपुरताच द्यावा. अंधार, शांतता, पानावरचे थेंब, हात न लावणे. बस्स. आम्हाला नवव्या दिवसापर्यंत उत्तम सल्ले मिळत राहिले, आणि ते उत्तम होते म्हणूनच आम्हाला थांबावेसे वाटले नाही.

शेवटी आपल्या पुरवणीतल्या छायाचित्राविषयी. ते मी भिंग घेऊन पुन्हा पाहिले. पोट दोन्ही बाजूंनी फुगलेले दिसते, रंग काळपट आहे, आणि एक पंजा टाकीच्या तळाकडे गेलेला आहे. एका छायाचित्रावरून खात्रीने काही सांगता येत नाही, हे मला मान्य आहे. पण दिवस कार्तिकाचेच आहेत. आपण त्या तरुणाचे गाव छापले आहे, तेव्हा त्याचा संपर्क आपल्या वार्ताहराकडे असणारच. हे पत्र छापायला जागा आणि वेळ लागेल. तोपर्यंत थांबू नये. कृपया त्याला आजच फोन करून टाकीतून फांदीसकट सरडा जाळीच्या कपाटात किंवा मच्छरदाणीत हलवायला सांगावे, पानांवर पाण्याचे थेंब पडू द्यायला सांगावे, आणि १९२६ हा क्रमांक द्यावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
अंबाजोगाई, जि. बीड